नव्या फोनआधी माइक घ्या

मा. संपादक,

उन्हाळ्याची सुटी लागली की इंदुरात दहावी-अकरावीची मुले लघुपट करायला निघतात आणि घरचे हौसेने महागडा फोन घेऊन देतात. त्या पैशांची तिथे गरज नसते. चित्र कोणत्याही बऱ्या फोनवर नीट येते, लघुपट पडतो तो आवाजात.

फोन दोन मीटरवर ठेवला की संवादापेक्षा भिंतींचा घुमारा आणि पंख्याची घरघरच जास्त भरते. घरातला दुसरा, जुना फोन घ्यावा, त्याला वायरचा कॉलर माइक (कपड्याला अडकवायचा छोटा माइक) लावून माइक हनुवटीखाली एक वीत अंतरावर अडकवावा. ओढणी किंवा जरीचा पदर माइकला घासला तर येणारी खरखर एडिटिंगमध्ये धडपणे निघत नाही. रेकॉर्डिंग ॲपमधल्या मीटरवर आवाजाची पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवावी. शून्याला टेकलेला आवाज फाटतो. प्रत्येक शॉटच्या आरंभी कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवली की दोन्ही रेकॉर्डिंग जुळवता येतात. शॉट छोटे ठेवावेत, कारण फोनचा फ्रेम-वेग (सेकंदाला टिपल्या जाणाऱ्या चित्रांची संख्या) कमीजास्त होतो आणि लांब शॉटमध्ये ओठ व शब्द फारकत घेतात.

पंखा बंद, फ्रिजही बंद. स्कूटरची चावी फ्रिजमध्ये ठेवावी, म्हणजे निघताना फ्रिज सुरू करायची आठवण राहते. आवरण्यापूर्वी सगळ्यांनी गप्प बसून खोलीचा नुसता आवाज ३० सेकंद रेकॉर्ड करावा. संवादांमधल्या फटी त्यानेच बुजतात.

चित्राबाबत एवढेच: आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाइटखाली काळे पट्टे सरकताना दिसतात. फोनच्या कॅमेऱ्यात फ्रेम सेकंदाला २५ आणि शटर १/५० सेकंद ठेवले की ते जातात.

सिनेमातले गाणे मात्र पार्श्वभूमीला टाकू नये. महोत्सवात परवानगीचे पत्र मागितले की मुले अडकतात. इंदुरात पेटी-तबला शिकणाऱ्या मुलांची वाण नाही. त्यांच्याकडून स्वतःची धून बसवून घ्यावी.

आपल्या मराठी मंडळांना कळकळीची विनंती आहे. उन्हाळी शिबिरात अभिनय-नृत्यासोबत एक पूर्ण दिवस ध्वनिमुद्रणाला द्यावा. वाचनालयातून पुस्तक देतात तसे दोन कॉलर माइक नोंदवहीत सही घेऊन मुलांना न्यायला द्यावेत. संहितेचे एक पान म्हणजे साधारण एक मिनिट; पाच पानांच्या दोनपात्री गोष्टीला दोन माइक पुरतात.

— एक ध्वनिमुद्रक, रामबाग, इंदूर