माझ्या लेखनिक मुलीस

प्रिय लेकी,

सप्रेम नमस्कार. वयाच्या मानाने मी आशीर्वाद लिहायला हवेत, आणि ते आहेतच. पण या पत्रात ऋणी मी आहे, म्हणून आधी नमस्कार.

पुस्तकाच्या ऋणनिर्देशात तुझं नाव घालू म्हटलं, तर तू ठाम नकार दिलास. "मावशी, मी नुसतं लिहून घेतलं," म्हणालीस. तुझी इच्छा मोडत नाही, नाव इथेही घेत नाही. पण तू नुसतं लिहून घेतलंस हे मला मान्य नाही, आणि ते चारचौघांत सांगावं म्हणून हे पत्र जाहीर लिहिते आहे. दुसऱ्याकडून लिहून घेतलं आहे. तुला सांगितलं असतं तर निम्मी वाक्यं तू गाळायला लावली असतीस.

वाचणाऱ्यांसाठी माझ्या डोळ्यांबद्दल थोडं. दृष्टिपटलाच्या मधल्या भागाची झीज होते, तो माझा आजार. डॉक्टर त्याला मॅक्युलर डीजनरेशन म्हणतात. यात संपूर्ण अंधार होत नाही. कडेचं दिसत राहतं, पण ज्याच्याकडे बघावं नेमकं तेच पुसट होतं. घरात मी कुणाच्या आधाराशिवाय फिरते, समोरच्या पानावरचा शब्द मात्र हाती लागत नाही. माझा प्रकार कोरडा आहे, गेलेली नजर परत आणणारं औषध त्यावर नाही. ओल्या प्रकारात वेळेवर डोळ्यात इंजेक्शनं दिली तर पुढचं नुकसान बरंचसं रोखता येतं. म्हणून सांगते, कुणाला दाराची चौकट किंवा वहीतली रेघ वाकडी दिसू लागली तर "वय झालं" म्हणून सोडून देऊ नका. लगेच दाखवा.

नजर गेल्यावर मला वाटलं, फक्त वाचन जाईल. लिहिणंही नजरेवरच उभं होतं हे तेव्हा कळलं. खोडलेली ओळ डोळ्यांसमोर असायची आणि तिच्याशी वाद घालत पुढची ओळ यायची. पुढचं वाक्य मला हाताकडून समजायचं. तोंडी सांगताना खोडलेलं काहीच दिसत नाही. वाक्य आधी पूर्ण मनात धरावं लागतं, मग ते आखूड होतं, सोपं होतं, कधी गुळगुळीतही होतं. तू येण्याआधी मी फोनला सांगून लिहायचा प्रयत्न केला. फोन भराभर लिहितो, मराठीही बरं लिहितो. पण तो कधी थांबत नाही. मी अर्धवट बोलले तरी लिहितो, खोटं बोलले तरी लिहितो.

व्यासांनी सांगितलं आणि गणपतीने लिहिलं, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. गणपतीची अट होती की लेखणी थांबता कामा नये. व्यासांची उलट अट होती की अर्थ समजल्याशिवाय एक अक्षरही लिहायचं नाही. लहानपणी मला गणपतीची अट मोठी वाटायची. आता कळतं, लिहिणाऱ्याला वाचवणारी अट दुसरीच आहे. तू ती न सांगता पाळलीस.

मैत्रिणीवरच्या लेखाचा तो दिवस आठव. "काळाने सगळं भरून काढलं," असं मी सांगितलं आणि तुझी बोटं थांबली. "कुणाचं भरून काढलं, त्यांचं की तुमचं?" असं तू विचारलंस. मला राग आला होता, तो तुला दिसलाही असेल. तू प्रश्न मागे घेतला नाहीस, उत्तराची घाईही केली नाहीस. ते वाक्य गेलं आणि त्याच्या जागी जे आलं, त्यासाठीच तो लेख लिहायला हवा होता. सांग, हे नुसतं लिहून घेणं आहे का?

दुसरं एक काम तू केलंस, ते बोलायला मला अवघड जातं. वय वाढतं तशा आठवणी ठरलेल्या वाटांनीच येऊ लागतात. तोच प्रसंग, तीच उपमा, आणि दर वेळी सांगणाऱ्याला ती नवीच वाटते. घरची माणसं प्रेमापोटी ऐकून घेतात. "मावशी, हे पाण्याच्या लेखात आलंय," असं स्वच्छ सांगणारी तू एकटी. त्यात कीव नव्हती, म्हणून ते मला घेता आलं.

आम्ही लिहिते झालो तेव्हा असं सांगणारी माणसं भोवती होती. आम्ही एकमेकांना कच्चं लिखाण वाचून दाखवत असू आणि ऐकणारे निर्दय असत. "हे तुझं नाही, उसनं आहे," असं तोंडावर सांगत. त्यातले बरेच आता नाहीत, उरलेल्यांपैकी काहींना ऐकू येत नाही. नवे लोक भेटतात ते नमस्कार करतात, मान देतात, सगळंच छान म्हणतात. म्हातारपणी लिहिणाऱ्याचा खरा एकाकीपणा मला इथे जाणवतो. माणसं भेटत राहतात, पण नाही म्हणणारं कुणी उरत नाही. तू नाही म्हणालीस आणि मला पुन्हा चार माणसांत बसल्यासारखं वाटलं.

पुस्तकावर एकच नाव छापायची आपली रीत आहे, आणि माझंही नाव मी तसंच छापून घेत आले. पण आपल्या भाषेचा पाया पाहिला तर लिहून घेणारे जागोजाग दिसतात. ज्ञानेश्वरीच्या शेवटी, शके 1212 च्या उल्लेखाबरोबरच, ती लिहून घेणाऱ्या सच्चिदानंदबाबांचं नाव आहे. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. मुलाने, सोपानदेवांनी, आणि घरच्यांनी ओव्या टिपून ठेवल्या नसत्या, तर 1951 साली त्या गेल्या तेव्हा गाणीही गेली असती. दुसऱ्याच वर्षी, 1952 मध्ये, ती पुस्तकरूपात आली. टिपणाऱ्याने कविता रचली असं कुणी म्हणत नाही, मीही म्हणत नाही. पण त्याच्यावाचून ती आपल्यापर्यंत पोचली नसती, एवढं तरी पानावर यायला हवं.

लेखनात माझं किती आणि इतरांचं किती, हा हिशेब तरुणपणी मी फार जपून ठेवायचे. सुचलेलं वाक्य आधी दुसऱ्या कुणी बोललं असेल का, या विचाराने अस्वस्थ व्हायचे. आता त्याच विचाराने बरं वाटतं. माझ्या पुस्तकात तुझे प्रश्न आहेत, गेलेल्या मित्रांचे टोमणे आहेत, आईच्या बोलण्याचा ठेका आहे. ते सगळं वजा केलं तर उरेल ते मला नकोच आहे.

तुझ्या वयाच्या इतरांनाही एक विनंती. ओळखीत कुणी लिहिणारं माणूस असेल आणि हात किंवा डोळे थकले असतील, तर आठवड्यातला एखादा तास त्याच्याजवळ बसा. त्याचं लिखाण त्यालाच मोठ्याने वाचून दाखवा. कानावर पडलं की लांबलेलं वाक्य आपोआप उघडं पडतं. समजलं नाही तिथे थांबा आणि विचारा. तुमच्या अडण्याने ते माणूस दुखावेल ही भीती ठेवू नका. दुखावलं तरी दुसऱ्या दिवशी ते त्याच जागी परत येईल.

आणि लेकी, तिसऱ्या प्रकरणाच्या शेवटच्या परिच्छेदाबद्दल. तो काढावा असं तुझं म्हणणं आहे, मी अजून तयार नाही. तुझी परीक्षा आधी होऊ दे. मग येशील तेव्हा तो पुन्हा वाचून दाखव, मधे न थांबता, आणि त्यानंतर भांडू.

तुझी,
मावशी