टांझानियातील प्राथमिक शाळेसाठी शिक्षक हवेत, आणि मदतही

सप्रेम नमस्कार.

जिल्हा परिषदेच्या किंवा नगरपालिकेच्या मराठी शाळेत वर्षानुवर्षे इंग्रजी, गणित किंवा विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या शिक्षक-शिक्षिकांना दार-ए-सलाम येथील मराठी कुटुंबांच्या आमच्या मंडळाचे हे आवाहन आहे. बागामोयो परिसरातील एका सरकारी प्राथमिक शाळेत येत्या जानेवारीपासून स्वयंसेवक म्हणून शिकवण्यासाठी आम्हाला आपली गरज आहे. ज्यांना प्रत्यक्ष येणे शक्य नाही त्यांनी आर्थिक हातभार लावावा, अशीही विनंती आहे.

इतक्या दुरून मराठी शाळेतलाच शिक्षक का बोलवायचा, हे आधी सांगायला हवे. टांझानियात सरकारी प्राथमिक शाळेचे माध्यम स्वाहिली आहे. सातवीपर्यंत गणित, विज्ञान, समाजशास्त्र सारे मुले स्वाहिलीतून शिकतात आणि इंग्रजी हा त्यांच्यासाठी एक विषय असतो. माध्यमिक शाळेचा पहिला वर्ग, ज्याला तिथे फॉर्म वन म्हणतात, सुरू झाला की पुस्तके आणि परीक्षा एकदम इंग्रजीत होतात. प्राथमिक शाळेत ‘उसानिसिनुरु’वरच्या प्रश्नाला खणखणीत उत्तर देणारी मुलगी फॉर्म वनमध्ये ‘फोटोसिंथेसिस’ हा शब्द ऐकून मान खाली घालते. आपल्याकडे ‘प्रकाशसंश्लेषण’ सहज समजावून सांगणारा दहावीचा मुलगा अकरावी विज्ञानाच्या वर्गात असाच गप्प होतो. ते गप्प बसणे ज्यांनी जवळून पाहिले आहे आणि मुलांना हाताला धरून त्यातून बाहेर काढले आहे, त्यांच्या अनुभवाचे मोल इथे फार मोठे आहे. लहानपणापासून इंग्रजी माध्यमात शिकलेल्या हुशार तरुणांना मुलाची ही अडचण नेमकी कुठे आहे हे पुष्कळदा कळत नाही, असे आम्ही पाहिले आहे.

टांझानियाने २००१ मध्ये प्राथमिक शाळेची फी रद्द केली, आणि जानेवारी २०१६ पासून फॉर्म फोरपर्यंतचे शिक्षण निःशुल्क केले. लाखो मुले शाळेत आली, ही आनंदाचीच गोष्ट आहे. वर्गखोल्या आणि शिक्षक मात्र त्या वेगाने वाढले नाहीत. आम्ही जिथे काम करतो त्या शाळेत तिसरीच्या एका वर्गात नव्वदहून अधिक मुले बसतात. तिघांच्या बाकावर पाच जण, आणि उरलेली मुले पुढे जमिनीवर. सकाळी सातच्या आधीच मुले खराटे घेऊन अंगण झाडतात. शिक्षक दिसताच ‘शिकामो, म्वालिमू’ असा घोष होतो आणि शिक्षकाने ‘माराहाबा’ म्हटल्याशिवाय कोणी जागचे हलत नाही. म्वालिमू म्हणजे शिक्षक. देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे स्वतः शिक्षक होते आणि लोक त्यांना आजही याच नावाने ओळखतात, यावरून या शब्दाला तिथे किती मान आहे ते ध्यानात येईल.

वहीला तिथे ‘दाफ्तारी’ म्हणतात. चौथीतल्या एका मुलीची दाफ्तारी आम्ही पाहिली. पुढून गणित, मागून इंग्रजी, आणि दोन्ही विषय मधल्या पानावर येऊन भिडल्यावर तिने समासात आडवे लिहायला सुरुवात केली होती. इंग्रजीच्या पानावर तिने ‘नाइफ’ हा शब्द स्वाहिलीच्या रीतीने, कानाला ऐकू आला तसा, लिहिला होता आणि त्यावर लाल फुली होती. स्वाहिली जशी बोलावी तशीच लिहिली जाते, आपल्या मराठीसारखीच. त्यामुळे त्या मुलीचे चुकले कुठे, हे मराठी शाळेतल्या शिक्षकाला एका नजरेत उमगेल. ऐंशी-नव्वद वह्या तपासणाऱ्या तिथल्या बाईंना ते थांबून समजावायला वेळच उरत नाही.

आता एक गोष्ट स्पष्टपणे मांडतो. टांझानियात प्रशिक्षण पूर्ण करून सरकारी नेमणुकीची वाट पाहणारे तरुण शिक्षक मोठ्या संख्येने आहेत. त्यांना घरी बसवून बाहेरून शिक्षक आणणे आम्हाला मान्य नाही. म्हणून येणाऱ्या देणग्यांतून पहिला खर्च शाळेच्या संमतीने दोन स्थानिक प्रशिक्षित शिक्षकांच्या मानधनाचा असेल. प्रत्येकी दरमहा तीन लाख शिलिंग असे ते ठरले आहे. (लाखाला तिथेही ‘लाकी’च म्हणतात.) महाराष्ट्रातून येणारा शिक्षक या दोघांच्या सोबत वर्गात उभा राहील, त्यांच्या जागी नव्हे. वह्या, बाके आणि स्वाहिली-इंग्रजी शब्दसंग्रहाचे तक्ते यांचा खर्च त्यानंतर येतो. विमानाचे तिकीट शक्य असल्यास शिक्षकाने स्वतः काढावे. राहण्या-जेवण्याची सोय मंडळातील कुटुंबे करतील.

किमान एक पूर्ण सत्र, म्हणजे जानेवारी ते जूनच्या सुट्टीपर्यंत, राहण्याची तयारी असावी, ही अट आम्ही अनुभवातून घातली आहे. पूर्वी तीन आठवड्यांसाठी आलेल्या एका उत्साही स्वयंसेवकाने सहावीच्या मुलांसोबत इंग्रजी वाचनाचा छान उपक्रम सुरू केला आणि मुले रंगात आली तोच त्यांची परतीची तारीख आली. पुढे दोन महिने मुले आम्हाला विचारत होती की ते म्वालिमू कधी येणार. त्यांच्या भल्या हेतूविषयी आम्हाला तिळमात्र शंका नाही, पण मुलांना पुन्हा तसे ताटकळत ठेवण्याची आमची तयारी नाही.

पर्यटक व्हिसावर शाळेत शिकवता येत नाही. स्वयंसेवकाला ‘क’ वर्गाचा निवासी परवाना काढावा लागतो आणि त्याची कागदपत्रे जमवण्यास वेळ जातो, म्हणून अर्ज ऑगस्टअखेर यावेत. अर्जासोबत पोलिसांचा चारित्र्य पडताळणीचा दाखला आवश्यक आहे. पीतज्वराची लस निघण्यापूर्वी निदान दहा दिवस आधी घ्यावी, आणि मलेरियाच्या गोळ्यांविषयी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. तिथल्या शाळांत छडीला कायद्याने मर्यादित मुभा आहे. आपण ती हाती घ्यायची नाही आणि त्यावरून सहकारी शिक्षकांना मुलांदेखत उपदेशही करायचा नाही. मुलांची छायाचित्रे समाजमाध्यमांवर टाकता येणार नाहीत. स्वाहिलीचे प्राथमिक धडे निघण्यापूर्वी सहा आठवडे ऑनलाइन दिले जातील. त्यात घड्याळाचाही धडा असेल, कारण तिथे तास सूर्योदयापासून मोजतात आणि ‘साआ म्बिली’, म्हणजे दोन वाजता, या म्हटल्यास सकाळी आठला हजर राहायचे असते.

देणगीदारांसाठी एक सूचना: आमचे मंडळ भारताबाहेरचे असल्याने भारतातून पाठवलेल्या देणगीवर प्राप्तिकराची ८०जी सवलत मिळणार नाही, हे कृपया लक्षात घेऊनच रक्कम पाठवावी. रक्कम लहान असली तरी चालेल. प्रत्येक देणगीची पावती आणि जून व डिसेंबरमध्ये जमाखर्चाचा तपशील सर्व दात्यांना पाठवला जाईल.

इच्छुकांनी अर्जात आपला अनुभव सविस्तर लिहावा. मराठी माध्यमातल्या मुलांना इंग्रजीतली एखादी अवघड गोष्ट आपण कशी शिकवली, हे एका पानात जरूर लिहावे. निवड करताना आम्ही ते पान सर्वांत आधी वाचणार आहोत.

आपले नम्र,
कार्यकारी समिती