दोष बॅटरीचा नाही, सेन्सरचा आहे

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय : पाणबुड्याच्या मनगटावरच्या डाइव्ह कॉम्प्युटरला टाकीतल्या हवेचा दाब कळवणाऱ्या वायरलेस ट्रान्समीटरमधला बिघाड आणि त्यावर आलेलं आपलं उत्तर

महोदय,

'हलक्या प्रतीच्या बॅटरीमुळे ट्रान्समीटर बंद पडत असावा' हे आपलं उत्तर मिळालं. सहा महिन्यांत मी चार बॅटऱ्या बदलल्या. त्यातल्या दोन तर तुमच्याच संचातल्या, नव्या ओ-रिंगसकट (पाणी आत येऊ न देणारी रबरी कडी). तेव्हा ही चोर सोडून संन्याशाला फाशी झाली.

टाकीचा व्हॉल्व्ह उघडला की दाब लागून ट्रान्समीटर जागा होतो आणि डाइव्हनंतर हवा सोडून दिली की थोड्या वेळाने झोपतो. माझा झोपतच नाही. गेल्या महिन्यात रेग्युलेटरवरून (टाकीला लावायच्या, श्वासाला हवा देणाऱ्या उपकरणावरून) काढून, गोड्या पाण्यात धुऊन, पुसून डब्यात ठेवला. दुसऱ्या दिवशी सहज कॉम्प्युटर शेजारी धरला, तर पडद्यावर १७ बार दाब! टाकी नाही, नळी नाही, ट्रान्समीटर हातात मोकळा. म्हणजे सेन्सरचं शून्यच सरकलंय. त्याला वाटतं टाकी अजून जोडलेलीच आहे, म्हणून तो डब्यात पडल्या पडल्या सिग्नल पाठवत राहतो. तुमच्या माहितीपुस्तिकेत बॅटरीचं आयुष्य २०० तास दिलंय, म्हणजे ८ दिवस आणि ८ तास. माझी कोरी बॅटरी नवव्या दिवशी संपली. आता सांगा, बॅटरी हलकी कशी?

बॅटऱ्यांचा खर्च एक वेळ सोसेन. पण हेच १७ बार पाण्याखालीही जास्त दिसतात. मागच्या डाइव्हला कॉम्प्युटर ५२ म्हणत होता आणि काट्याचा गेज, म्हणजे नळीला जोडलेला साधा दाबमापक, ३५. (काट्याचा गेज बाळगतो म्हणून सोबतचे मला हसतात. त्या दिवशी कुणी हसलं नाही.) गेजचा काटा दाब नसताना बरोबर शून्यावर टेकतो, तेव्हा खोटं कोण बोलतंय ते उघड आहे. १२ लिटरच्या टाकीत १७ बार म्हणजे सुमारे २०० लिटर हवा. २० मीटरवर मला मिनिटाला साठेक लिटर लागते. म्हणजे जी तीन मिनिटं माझ्याकडे नव्हतीच, ती तुमचं यंत्र मला दाखवत होतं. सिग्नल तुटला तर पडद्यावर नुसत्या रेघा येतात आणि माणूस सावध होतो. चुकीचा आकडा बघून कोण सावध होणार?

पुढचा प्रश्न वापराचा येईल, म्हणून आधीच लिहितो. ट्रान्समीटरला धरून मी टाकी कधी उचललेली नाही, व्हॉल्व्ह नेहमी हळू उघडतो. बॅटरीचा कप्पा कोरडा आहे, स्प्रिंगवर हिरवा गंज नाही. फोटो सोबत जोडले आहेत.

आपण देऊ केलेला, दुरुस्त करून परत विकला जाणारा ट्रान्समीटर ९० दिवसांच्या हमीवर मला नको. माझा आधीचा ट्रान्समीटर तिसऱ्या वर्षी गेला, हाही तिसऱ्याच वर्षी बिघडला. सेन्सर किती वर्षं टिकावा अशी अपेक्षा आहे आणि किती बारचा फरक तुम्ही चालवून घेता, हे मला लेखी हवं आहे. शून्यावरची चाचणी तुमच्या कार्यशाळेत करा, आकडा कळवा आणि नवीन सेन्सरचा ट्रान्समीटर पूर्ण हमीसह पाठवा. तोवर हा मी रेग्युलेटरला लावणार नाही.

कळावे,
आपला एक जुना ग्राहक