डिकी उघडी आहे तोवर

कोल्हापूर,
रविवार

प्रिय बाळू,

तुझा बेत कळला. आधी बँकॉक, तिथून हनोई, आणि बरोबर वहिनी, अण्णा, काकू. खाण्यापिण्याचं आणि देवळांचं तू बघून घेशील. टॅक्सीवाल्यांचं विचारलं आहेस, तर तेवढंच लिहितो, पण बैजवार लिहितो.

परक्याला गंडवणं हा काही एकट्या थायलंडचा धंदा नाही. प्रागचे महापौर पावेल बेम २००५ मध्ये इटालियन पर्यटकाच्या वेशात स्वतःच्याच शहरातल्या टॅक्सीत बसले होते. त्यांच्याकडूनही कित्येक पट भाडं उकळलं! महापौराची ही गत, तर नाशिकच्या पाहुण्याचं काय घेऊन बसलास.

सगळ्याच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे डिकी. बॅगा बाहेर आहेत तोवर गरज त्याला असते. त्या आत गेल्या आणि डिकी लागली की गरज तुझी होते. म्हणून भाडं, मीटर, टोल, माणसं किती, हे सगळं बोलणं डिकी उघडी असतानाच संपवायचं. उतरताना याच्या उलट: आधी बॅगा खाली, मोजून घ्यायच्या, मग पैसे. आणि बॅगा निघेपर्यंत तुमच्यापैकी एकानं दार उघडं ठेवून आत बसून राहायचं. हे काम अण्णांना दे. ते सावकाशच उतरतात.

आता निघण्याआधीची तयारी. टॅक्सी बोलावायचं ग्रॅब हे ॲप दोन्ही देशांत चालतं. उबरनं २०१८ मध्ये तिकडचा धंदा ग्रॅबलाच विकला, त्यामुळे तिथे उबर शोधत बसू नकोस. ग्रॅबची नोंदणी घरीच कर, कारण ओटीपी आपल्या नंबरवर येतो आणि तिकडे उतरल्यावर तू सिम बदललेलं असणार. कार्डावर परदेशी व्यवहार चालू आहेत का तेही बघ. रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे २०२० पासून नवी कार्डं फक्त देशातल्या वापरासाठीच चालू करून मिळतात, बाकीचं बँकेच्या ॲपमधून आपण सुरू करायचं असतं. तरीही आपलं कार्ड ग्रॅबमध्ये कधी कधी चालत नाही, म्हणून रोख भाड्याचा पर्याय लक्षात ठेव. गुगल मॅपवर दोन्ही शहरांचे नकाशे उतरवून घे. बँकॉकच्या हॉटेलचं नाव आणि पत्ता थाई लिपीत फोनमध्ये फोटो करून ठेव. तिथल्या पुष्कळ चालकांना रोमन अक्षरं वाचता येत नाहीत, आणि ‘समजलं नाही’ म्हणत लांबून फिरवायला तेवढंच निमित्त पुरतं.

बँकॉकच्या सुवर्णभूमी विमानतळावर बाहेर पडतानाच ‘टॅक्सी, टॅक्सी’ म्हणत कुणीतरी शर्टाला हात घालेल. गळ्यात ओळखपत्र लटकवलेलं असेल, हातात छापील दरपत्रकही असेल. थांबायचंच नाही. आगमन दुसऱ्या मजल्यावर आहे आणि सरकारी रांग पहिल्या, म्हणजे जमिनीलगतच्या मजल्यावर. तिथल्या यंत्रातून चिठ्ठी काढायची, तिच्यावरच्या क्रमांकाच्या जागी तुमची गाडी उभी असते. ही चिठ्ठी चालकाला देऊन टाकू नकोस. तो ‘दे’ म्हणून हात पुढे करेलच, पण तक्रारीचा पुरावा तीच आहे.

इथे एक ग्यानबाची मेख आहे. बँकॉकच्या बऱ्याच टॅक्सी गॅसवर चालतात आणि टाकी डिकीत असते. चार माणसं आणि चार मोठ्या बॅगा साध्या गाडीत मावत नाहीत. मग शेवटच्या क्षणी ‘दोन टॅक्सी करा’ किंवा ‘इतके जादा द्या’ सुरू होतं. म्हणून यंत्रावर पहिल्यापासून मोठी गाडी निवड.

भाड्याचं गणित तोंडपाठ असलं की मीटर पळवलेला लगेच कळतो. साध्या गाडीला पहिल्या किलोमीटरचे ३५ बाट (हे तिकडचं चलन), मोठ्या गाडीला ४०. पुढे दहा किलोमीटरपर्यंत दर किलोमीटरला साडेसहा, विसापर्यंत ७, त्यापुढे ८. गाडी रखडली की मिनिटाला ३ बाट वेगळे. विमानतळ ते शहर धर ३० किलोमीटर, म्हणजे कोल्हापूरहून इचलकरंजी गाठण्याएवढं. रस्ता मोकळा असेल तर मीटर २४५-२५० च्या घरात जातो. त्यावर विमानतळाचे ५० बाट, ते कायदेशीर आहेत, त्यावरून वाद घालू नकोस. उन्नत मार्गाचा टोल साधारण ७५ बाट, तो नाक्यावर आपण द्यायचा. म्हणजे पावणेचारशे ते साडेचारशेत खुशाल जाशील. कुणी ‘आठशे, फिक्स’ म्हणाला तर मान हलवून पुढच्या गाडीकडे बघ.

शहरातल्या गाड्यांचं वेगळं. काचेत लाल दिवा पेटलेला असेल तर गाडी रिकामी, हे आपल्या डोक्याला उलटं वाटतं. मोठ्या देवळासमोर किंवा हॉटेलच्या दारात आधीपासून उभी असलेली टॅक्सी सोडून द्यायची. पन्नास-शंभर पावलं चालत जाऊन धावती गाडी थांबवायची. उभा असलेला माणूस मीटरवर धंदा करायला उभा नसतो. दार उघडून विचार, ‘मीटर?’ थाईतही शब्द हाच आहे. नाही म्हणाला तर दार लाव, हसून. बसल्यावर मीटर ३५ वरच सुरू झाला का ते बघ.

त्यांचीही बाजू सांगतो. बरेच चालक गाडी पाळीवर भाड्यानं घेतात. भाडं आणि गॅस सुटल्यावर उरेल ती कमाई. कोंडीत मीटर रडतखडत चालतो, म्हणून पाऊस आणि संध्याकाळ जमून आली की सगळेच मीटर नाकारतात. दुपारी तीन ते पाचच्या दरम्यान पाळी बदलते. तेव्हा ‘गाडी परत द्यायची आहे’ हे कारण बहुतेक वेळा खरंच असतं. त्या वेळी काकूंना घेऊन रस्त्यावर ताटकळू नकोस, मेट्रोनं जा.

टुकटुकला, म्हणजे तिकडच्या रिक्षाला, मीटरच नसतो. भाडं आधी ठरव, आणि फोनच्या कॅल्क्युलेटरवर आकडा लिहून दाखव: चौघांचे मिळून, एकूण एवढे. ‘माणशी’ हा शब्द उतरताना अवचित उगवतो. आणि राजवाड्याजवळ एखादा टापटीप माणूस येऊन म्हणेल, ‘आज बंद आहे, बौद्ध सण आहे; तोवर टुकटुकनं वीस बाटात चार देवळं दाखवतो.’ राजवाडा रोज साडेआठला उघडतो आणि तिकीट दुपारी साडेतीनपर्यंत मिळतं. खिडकीवर जाऊन स्वतः बघ. त्या वीस बाटात तुला रत्नांच्या नाहीतर शिंप्याच्या दुकानात नेऊन बसवतात, आणि चालकाला दुकानाकडून इंधनाची कुपनं मिळतात. भवानी मंडपात कुणी भाविकाला ‘आज अंबाबाईचं दर्शन बंद, चला साडीच्या दुकानात’ म्हणालं तर आपण काय करू?

हनोईत खेळ नोटांचा आहे. तिकडचं चलन डोंग; २० हजारांची नोटही निळी आणि ५ लाखांचीही निळसरच, दोन्ही प्लॅस्टिकच्या. रात्री अंधाऱ्या गाडीत तू पाच लाखांची देतोस, तो हातचलाखी करून वीस हजारांची दाखवतो आणि म्हणतो, कमी आहेत. उपाय साधा: एक लाखाच्या वरच्या नोटा वेगळ्या खिशात ठेव. पैसे देताना आतला दिवा लावायला सांग, नोट दोन्ही हातांनी धर आणि रक्कम मोठ्यानं बोल. सुट्टे आधीच कर. कुठल्याही किराणा दुकानात पाण्याची बाटली घेतलीस की मोड मिळते.

तिथल्या मीटरवर शेवटची तीन शून्यं नसतात. ९५.० दिसलं म्हणजे पंच्याण्णव हजार डोंग. मीटर डोळ्यांदेखत दर काही सेकंदाला उडी मारत असेल तर तो पळवलेला आहे; गर्दीची, उजेडाची जागा बघून थांबवायला सांग. हिरव्या गाड्यांची माई लिन्ह ही कंपनी बरी, पण रंग आणि नाव थोडं बदलून नक्कल करणारे आहेत, तेव्हा दारावरचं स्पेलिंग अक्षर न् अक्षर वाच. विमानतळावर ‘मीच तुमचा ग्रॅब’ म्हणत फोन नाचवणारेही भेटतील. तुझ्या पडद्यावरचा गाडी नंबर जुळला तरच बॅगेला हात लावू द्यायचा. आणि खरा ग्रॅबवालासुद्धा ‘बुकिंग रद्द करा, रोख द्या’ म्हणाला तर नाही म्हण. रद्द केलंस की ती फेरी कुठेच नोंदलेली राहत नाही.

‘तुमचं हॉटेल बंद पडलंय, चांगलं दुसरं दाखवतो’ हे दोन्हीकडे ऐकशील. त्यानं लावून दिलेला फोन घेऊ नकोस, तुझ्या फोनवरून हॉटेलला लाव.

इतकं करूनही बिनसलं तर गाडीत आवाज चढवू नकोस. थायलंडमध्ये चारचौघांत ओरडणाऱ्याचीच शोभा होते. हॉटेलच्या दारापर्यंत जाऊ दे, बॅगा उतरव, नंबरप्लेटचा फोटो काढ आणि स्वागतकक्षातल्या माणसाला बोलाव. पर्यटक पोलीस ११५५, टॅक्सीच्या तक्रारीसाठी १५८४. बऱ्याचदा आकडा फोनवर टाईप करून दाखवला की तेवढ्यावरच भाव खाली येतो. व्हिएतनाममध्ये पोलिसांचा क्रमांक ११३. मात्र रात्र असेल, जागा सुनसान असेल आणि भांडण दोन-तीनशे बाटांचं असेल तर देऊन मोकळा हो. अण्णांचं बीपी त्याहून महाग आहे.

काकूंना साष्टांग नमस्कार. आल्यावर इकडे चक्कर टाक, रश्श्याचा बेत करू.

तुझा,
शिऱ्या

ता. क. परतीची बँकॉकमधली गाडी पहाटेची असेल तर हॉटेलवाल्याला आदल्या रात्री सांगून ठेव, पण ‘मीटरनं’ असं स्पष्ट सांग. नाहीतर तो स्वतःचं कमिशन धरून ठोक भाडं ठरवून ठेवतो.