फळीवरचे चित्र कोणी पाहिले?

संपादक महाशय,

मृत्यूच्या दारातून परतलेल्यांचे अनुभव म्हणजे आत्म्याचा पुरावा, असे सर्रास सांगितले जाते. तो पुरावा शोधण्याचा प्रामाणिक प्रयत्न झालेला आहे. अतिदक्षता तज्ज्ञ डॉ. सॅम पार्निया यांच्या गटाने अमेरिका, ब्रिटन व ऑस्ट्रियातील १५ रुग्णालयांत उंच फळ्यांवर फक्त वरूनच दिसतील अशी चित्रे ठेवली; आत्मा खरेच शरीराबाहेर वर तरंगत असेल, तर ती त्याला दिसायला हवीत. २०१४च्या निष्कर्षांत हृदय थांबल्याच्या २,०६० घटना, १४० मुलाखती आणि मृत्युसमीप अनुभव अवघे ९. आजूबाजूला काय चालले होते ते पाहिल्या-ऐकल्याचे दोघांनीच सांगितले, आणि त्या दोन्ही घटना फळी नसलेल्या जागी घडल्या! २०२३च्या पुढील अभ्यासात ५६७ पैकी ५३ रुग्ण वाचले, २८ जण बोलू शकले. या वेळी उपचार चालू असताना टॅब्लेटच्या पडद्यावर दाखवलेले चित्र एकालाही सांगता आले नाही. तेव्हाच कानात ऐकवलेली फळांची नावे मात्र एकाने ओळखली.

इथेच खरी मेख आहे. हृदय थांबल्यावर मेंदूची विद्युत्‌रेषा काही सेकंदांत सपाट होते हे खरे, पण मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल छाती दाबली की थोडे रक्त मेंदूला पोहोचते. म्हणजे तो काळ संपूर्ण शांततेचा नसतो. शिवाय आठवण नेमकी कधी तयार झाली, तेव्हा की शुद्धीवर येताना, हे रुग्णालाही कळत नाही.

म्हणून नातेवाइकांना कळकळीची विनंती : 'प्रकाश दिसला का?' असे विचारू नका. 'काय आठवते?' एवढेच विचारा आणि उत्तर तारीख-वेळेसह शब्दशः लिहून ठेवा.

– एक वाचक, पुणे