मागच्या पुराची रेघ

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी अकरावीला आहे, राहायला सांगलीत गावभागात. तुमच्या पेपरात मधनंमधनं येत असतं की हल्लीची पोरं वाचत नाहीत, नुसती रील बघतात. ते राहू दे, पण मी नुकतीच एक इंग्लिश कादंबरी संपवली आणि तिच्यावरनं डोक्यात जे चालू झालंय ते कुणाला तरी सांगायचंय म्हणून हे पत्र. आमच्या वयाच्या मुलांसाठी असतात तसली, संकटातनं जीव वाचवायची गोष्ट. अमेरिकेचा दक्षिण किनारा, चक्रीवादळ येतंय, आईवडील बाहेरगावी अडकलेत आणि घरात पंधरा वर्षांची मुलगी, तिचा लहान भाऊ आणि आजोबा. पुढचं तुम्ही न वाचताही सांगाल. पाणी चढतं, ती भावाला घेऊन माळ्यावर जाते, कुऱ्हाडीनं छप्पर फोडते, शेवटी हेलिकॉप्टर येतं. मजा आली वाचायला, खोटं कशाला बोलू, रात्री एकपर्यंत जागले आणि आईची बोलणी खाल्ली.

पण अख्ख्या पुस्तकात मला पटलेलं पान एकच. वादळाच्या आदल्या दिवशी पोलीस गाव रिकामं करा म्हणून सांगत फिरतात आणि आजोबा म्हणतात, असली वादळं लय बघितली, या घराच्या पायरीला कधी पाणी लागलेलं नाही. झालं, विषय संपला. लेखकाला छप्पर फोडायची घाई असणार बहुतेक, कारण त्यानं तिथं एक पानसुद्धा पुरतं खर्च केलेलं नाही.

मी नंतर गुगल करत बसले तर हे अगदी खरं घडलेलं निघालं. तिकडे मिसिसिपीच्या किनाऱ्यावर १९६९ ला कॅमिल नावाचं भयंकर वादळ आलेलं, आणि २९ ऑगस्ट २००५ ला कत्रिना आलं तेव्हा कितीतरी म्हातारी माणसं घर सोडायलाच तयार झाली नाहीत, कारण काय तर कॅमिलला इथं पाणी आलं नव्हतं. वारा कॅमिलचाच जास्त होता, पण समुद्राचं पाणी कत्रिनानं जास्त आत आणलं. नंतर तिकडचे लोकच म्हणायला लागले की कॅमिलनं १९६९ पेक्षा २००५ मध्ये जास्त माणसं मारली.

आता यावरनं सांगलीकराला काय आठवणार ते सांगायला नको. आपल्याकडे २००५ ला आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५३ फुटांच्या वर गेलेलं. धोक्याची पातळी ४५. त्या पुराची रेघ आमच्या गल्लीत घराघरात होती. आमच्या घरात दाराशेजारी निळ्या ऑइलपेंटनं ओढलेली, खाली सालसुद्धा लिहिलेलं, आणि पाहुणे आले की बाबा कौतुकानं दाखवायचे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी वाढायला लागलं तेव्हा घरात जे काय उचलाउचली झाली ती सगळी त्या रेघेकडे बघून. आज्जीचं शिलाई मशीन टेबलावर, त्यावर तांदळाचा डबा, फ्रिज पलंगावर, गाद्या कपाटावर. सगळं रेघेच्या वर फूटभर, म्हणजे सेफ. शेजारचे काका तर येऊन सांगून गेले की २००५ च्या वर पाणी जाऊच शकत नाही. ते गेलं ५७ फुटांच्या वर. जवळपास चार फूट जास्त, म्हणजे मशीन, तांदूळ, फ्रिज सगळंच पाण्यात, आणि आम्ही बोटीतनं बाहेर.

म्हणजे माहिती नव्हती म्हणून लोक अडकले असं नाहीये. उलट माहिती होती म्हणून अडकले. नवीन भाड्यानं राहायला आलेली माणसं घाबरून आधीच विश्रामबागला निघून गेली आणि पिढ्यानपिढ्या नदीकाठी राहिलेली माणसं मागं राहिली. हे या असल्या कादंबऱ्यांत येतच नाही, कारण त्यांच्यात संकट कायम पहिल्यांदाच आलेलं असतं. नदी दरवर्षी दारात येते असल्या गावात राहिलेला लेखक पाहिजे त्याला.

आणि बोटीचं पण सांगते. पुस्तकात सुटका करणारी माणसं आली की वाचणारा श्वास सोडतो. आपल्याकडे ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला बोट उलटली, बाया आणि लहान पोरं गेली त्यात, पुरातनं बाहेर पडतानाच गेली. तेव्हा मी लहान होते पण आम्हाला बोटीत बसवताना आज्जीचा हात का सुटत नव्हता ते मला मागाहून कळलं.

हेलिकॉप्टर आल्यावर कादंबरी संपते हे तर मला फारच सोपं वाटलं. इथं पाणी उतरल्यावरच सुरू होतं सगळं. घरात घोटाभर गाळ, तो वास, पंचनाम्याची वाट, आणि मग कट्ट्यावर पूर अलमट्टी धरणामुळं आला का कोयना धरणामुळं हे भांडण, जे अजून चालू आहे. राजवाडा चौकातल्या नगर वाचनालयाची हजारो पुस्तकं भिजून गेली, त्यात अशी एखादी मराठी कादंबरी असली तर ती पण गेली असेल. मला तरी अजून सापडलेली नाही.

२०२१ ला जुलैमध्ये परत पाणी आलं तेव्हा लोक लवकर हलले हे खरंय, गाड्या आधीच उंचावर नेऊन लावल्या. पण रेघेचं वेड काही गेलेलं नाही. रंग दिल्यावर आमच्या घरात आता नवी रेघ आहे, २०१९ ची, आणि परवाच काका म्हणाले की याच्या वर काय येतंय आता.

म्हणून एक विनंती. तुमच्या रविवारच्या पुरवणीत आमच्या वयाच्या मुलांसाठी एखादी क्रमशः कादंबरी छापा, सांगलीच्या पुरावरची. छप्पर फोडणारी शूर मुलगी नसली तरी चालेल. पाणी ४० फुटांवर आहे, पाऊस थांबत नाहीये, घरात दोन पार्ट्या पडल्यात, एक म्हणतीय निघूया आणि एक रेघेकडे बोट दाखवतीय, आणि निर्णय होत नाहीये, या एका रात्रीवर चार-पाच भाग सहज होतील. आणि त्यात त्या मुलीला वडिलांना खोटं न पाडता घराबाहेर कसं काढायचं ते सुचू दे, कारण पुढच्या वेळेला मला ते लागणार आहे.

आपली,
एक विद्यार्थिनी, गावभाग, सांगली