चार नव्या कॅमेऱ्यांआधी

प्रति,
मा. अध्यक्ष, सोसायटी कार्यकारिणी,
सिडको, छत्रपती संभाजीनगर

विषय: सीसीटीव्ही, टँकरची वेळ आणि भाडेकरूंची पोलीस नोंद

स.न.वि.वि.

येत्या सभेत चार कॅमेरे वाढवण्याचा ठराव आहे. विरोध नाही, पण आधी आहेत त्या आठांकडे बघू. आपल्या डीव्हीआरमध्ये (चित्रण साठवणाऱ्या यंत्रात) 1 टीबीची, म्हणजे 1,000 जीबीची हार्डडिस्क आहे. प्रत्येकी 2 एमबीपीएसने (सेकंदाला 2 मेगाबिट) आठ कॅमेरे चोवीस तास चालले तर दिवसाला सुमारे 170 जीबी भरते, म्हणजे सहाव्या दिवशी पहिला दिवस पुसला जातो. मे महिन्यात लोक दहा-बारा दिवस गावी जातात. कुलूप तुटल्याचे परतल्यावर कळणार, तोवर चित्रण गेलेले. महिनाभर साठवायला 6 टीबी लागेल. डीव्हीआर तेवढी डिस्क घेतो का, ते तंत्रज्ञाला आधी विचारावे. चार कॅमेरे वाढवले आणि डिस्क तीच ठेवली, तर साठा चार दिवसांवर येईल!

फाटकावरचा कॅमेरा बारा फुटांवर, 2.8 मिमी लेन्सचा. त्यात गल्ली सगळी दिसते, माणसाची मात्र टाळूच. तो सात-आठ फुटांवर आणून चेहरा मोठा दाखवणारी 6 मिमी लेन्स बसवावी. महिन्यातून एकदा जाळी झाडावीत. रात्री कोळ्याचे जाळे इन्फ्रारेडने उजळते आणि चित्र पांढरे पडते. चित्रण पोलिसांना देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63(4) चे इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे प्रमाणपत्र लागते. स्क्रीनचा मोबाइलवर काढलेला व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून भागत नाही.

खरी फट पहाटेची आहे. टँकरचा पाइप फाटकातून आत येतो आणि दहा हजार लिटर उतरेपर्यंत फाटक सताड उघडे. वॉचमन तेव्हा टाकीपाशी. कंपाउंडच्या भिंतीतून तीन इंची पाइप कायमचा टाकून कपलिंग (पाइप जोडायचे तोंड) बाहेर काढले, की टँकरच्या पाइपसाठी फाटक उघडायलाच नको.

भाडेकरूंबाबत घरमालकांचा एक गैरसमज आहे. नोटरी केलेला करार म्हणजे पोलीस नोंद नव्हे. महाराष्ट्र पोलिसांच्या पोर्टलवर किंवा ठाण्यात माहिती वेगळी द्यावी लागते. पोलीस आयुक्त याबाबत वेळोवेळी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 163 खाली आदेश काढतात. ते मोडल्यास भारतीय न्याय संहितेचे कलम 223 लागू शकते, म्हणजे सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 2,500 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. करारावर एक नाव आणि खोलीत चार पोरे, हा प्रकार कॉट बेसिसच्या (खाटेमागे भाडे घेणाऱ्या) फ्लॅटमध्ये सर्रास चालतो. चौघांचीही नोंद हवी आणि पोच सचिवांच्या फाइलला. पोच नाही तर पार्किंगचे स्टिकर नाही, एवढा नियम पुरे.

वॉचमनच्या खोलीत 112 हा आपत्कालीन मदतीचा क्रमांक मोठ्या अक्षरात लिहावा. रिचार्ज संपले तरी तो लागतो, हे वॉचमनला सांगून ठेवा. आपल्या ठाण्याचे नाव आणि जवळच्या चौकाची खूणही खाली लिहावी. घाबरलेल्या माणसाला पत्ता आठवत नाही.

बाकी सभेत बोलू. डीव्हीआरचे घड्याळ मात्र आज नऊ मिनिटे मागे आहे, ते उद्याच लावून घ्यावे.

कळावे,
एक सभासद, बी विंग